एक बाटली आणि तीन डोकी

गुहागर तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ४२. घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि बारावीतली मुलगी. एप्रिलात चिपळूणला गेल्या असताना त्यांनी एक महागडं कंडिशनर आणलं, तिघींसाठी मिळून एकच. महिनाभर वापरलं. ताईंचे मुळातले पातळ, सरळ केस चिकट होऊन डोक्याला चापून बसले आणि धुताना हातात केसांचा पुंजका यायला लागला. मुलीचे जाड केस होते तसेच पिंजारलेले राहिले. सासूबाईंनी एकदा लावून सोडून दिलं. "खोबरेल आणि जास्वंद असताना बाटलीतलं केमिकल कशाला? केस घालवून बसाल आणि पांढरे होतील ते वेगळे," असं त्यांचं म्हणणं. आता मुलगी हट्टाला पेटली आहे की गणपतीला मुंबईची चुलत भावंडं येण्याआधी केस स्मूदनिंग करून सरळ करायचे. ताई विचारतात: कंडिशनर बंद करू का? सगळ्यांत चांगलं कुठलं? आणि मुलीच्या केसांवर चार हजार रुपये घालावेत का?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. "नेहमीप्रमाणे शिकेकाईच्या साबणाने धुतले आणि तेल लावतो तसं मुळाशी चोळून लावलं." पुढे लिहिलंय की मे महिन्यात विहीर मचूळ झाली होती, पाणी जपून वापरायचं म्हणून दोन तांब्यांत उरकत होतात. मला वाटतं, तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर या दोन ओळींतच आहे.

किनाऱ्यालगतच्या विहिरींत उन्हाळ्यात गोड पाणी खाली जातं आणि समुद्राचं पाणी आत सरकतं. खारेपणाबरोबर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार येतात. अशा पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो आणि साबणाला फेस येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. फेस न होता साबण त्या क्षारांशी मिळून पांढरा साका धरतो. बादलीच्या कडेला, मोरीच्या फरशीवर बसतो तोच हा थर. केसांवरही तो तसाच बसतो, फक्त दिसत नाही, हाताला लागतो.

त्यावर तुम्ही कंडिशनर लावलंत. कंडिशनरमधला मुख्य घटक धनभारित असतो आणि साबण ऋणभारित. केसांत राहिलेला साबण आणि कंडिशनर एकमेकांना पकडतात आणि त्यांचा चिकट लेप तयार होतो. तो दोन तांबे पाण्याने जाणार कसा? त्यातून ते मुळाशी चोळलेलं, जिथे टाळूचं स्वतःचं तेल आधीच आहे. पातळ केस चापून बसणारच होते. त्या बाटलीच्या जागी दुसरी कोणतीही असती तरी, दुप्पट महाग असती तरी, हेच झालं असतं. त्यामुळे ती फेकू नका. आता पाऊस झालाय, विहीर भरलीय, पाणी गोड आहे. तीच बाटली आता पुन्हा वापरून पाहा, पण साबण बाजूला ठेवून. शिकेकाईचा साबण म्हणजे शिकेकाई नव्हे. शिकेकाईचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं. साबणाची वडी मात्र अल्कधर्मी, पीएच ९ ते १० च्या घरातली, मग तिच्यावर चित्र कुठल्याही शेंगेचं असो. केसांना साधा शाम्पू लावा, नाहीतर खरी शिकेकाई.

आता कंडिशनर नेमकं काय करतं ते सांगते, कारण ते कळलं की निवड पुष्कळ सोपी होते.

केसाच्या बाहेरच्या थराला आपल्या घरांच्या मंगळुरी कौलांसारखी रचना असते. बारीक खवले एकावर एक, मुळाकडून टोकाकडे उतरत गेलेले. कौलं नीट बसलेली असली की पाणी ओघळून जातं. ती उचकटली की घर गळतं. अल्कधर्मी साबण, कोरड्या केसांत जोराने फिरवलेला कंगवा, ऊन, रंग, इस्त्री यांनी हे खवले उचकटतात. मग एक केस दुसऱ्यात अडकतो, गुंता होतो, चमक जाते. कंडिशनरमधले धनभारित रेणू अशा उघड्या पडलेल्या जागांनाच जास्त चिकटतात, कारण तिथे ऋणभार जास्त असतो. त्यांच्याबरोबर असणारे मेणासारखे स्निग्ध पदार्थ पातळ पापुद्रा धरतात. कंडिशनर स्वतः आम्लधर्मी असल्याने खवलेही जरा खाली बसतात. झालं एवढंच. पावसाळ्याआधी आपण पडवीला झापं बांधतो ना, तसं ते आच्छादन आहे. फुटलेलं कौल त्याने सांधत नाही. मुळातून बाहेर आलेला केस मृत असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही, आणि "आतून दुरुस्ती" असं वेष्टनावर कितीही ठळक लिहिलेलं असलं तरी दुभंगलेलं टोक कापावंच लागतं.

म्हणूनच कंडिशनरची जागा मुळाशी नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुमच्या मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत, म्हणजे टोकाकडचे केस ती सहावी-सातवीत असताना उगवलेले. पाच वर्षांचं ऊन, वारा, वेण्या, रिबिनी त्या टोकांनी सोसल्या आहेत. गरज तिथे आहे. मुळाशी तर कालचा केस आहे, त्याला काय हवंय?

सासूबाईंशी वाद घालू नका. कारण त्या जे सांगतात त्यातलं पुष्कळसं बरोबर आहे. माझ्या आजीकडे दापोलीला आंघोळीच्या आधी जास्वंदीची पानं चुरगाळून त्यांचा बुळबुळीत गर डोक्याला लावायचे, आणि नारळाचा दाट रस दिवाळीच्या पहाटे. त्या बुळबुळीतपणामुळे केसांतून बोटं सहज फिरतात. नारळाच्या रसात स्निग्धांश, शिकेकाईत आम्ल. ओळखीचं वाटतंय ना? आच्छादन, स्निग्धता, आम्लता: कंडिशनरची तीनही कामं त्या मोरीत व्हायची, फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं. फरक एकच आणि तो महत्त्वाचा आहे. जास्वंदीचा गर बहुतेक धुऊन जातो. बाटलीतले धनभारित रेणू धुतल्यावरही केसाला धरून राहतात, म्हणून त्यांचा परिणाम पुढच्या आंघोळीपर्यंत टिकतो.

खोबरेलाबद्दल तर सासूबाईंच्या बाजूने लिहिलेलं संशोधन आहे. २००३ मध्ये मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केस धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसांतलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. कारण त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असते, ती केसाच्या आत शिरू शकते. हे काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झालं होतं, तेही सांगायला हवं. तरी कारण पटण्याजोगं आहे. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि सतत तसं होऊन कमकुवत होतो. आत गेलेलं तेल पाण्याला अडवतं. तेव्हा धुण्याआधी तास-दोन तास केसांच्या लांबीला खोबरेल लावायचं आणि धुतल्यावर कंडिशनर. दोन्ही एकमेकांचे वैरी नाहीत. फक्त कोंडा झाला असेल तेव्हा टाळूवर तेल थापू नका. कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसते. दमट हवेत तिला आणखी काय हवं!

आणि "केमिकल"चं भय. सासूबाईंना एवढंच सांगा की खोबरेलातलं लॉरिक आम्लही केमिकलच आहे आणि विहिरीचं पाणीही. घाबरायचं तर मात्रेला आणि चुकीच्या वापराला घाबरावं. कंडिशनरने केस पांढरे होत नाहीत. केसाचा रंग त्वचेच्या आत, मुळाशी तयार होतो. वरून लांबीला लावलेली गोष्ट तिथवर पोहोचत नाही.

केसांच्या पुंजक्याबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंत, म्हणून यावर जरा थांबते. दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे चालायचंच. तुम्ही आठवड्यातून दोनदा नहाता, मधल्या दिवसांत अंबाडा बांधलेला असतो. सुटलेले केस त्या अंबाड्यातच अडकून राहतात आणि कंडिशनरने केस बुळबुळीत झाले की तीन-चार दिवसांचे एकदम हातात येतात. ते कंडिशनरने गळलेले नसतात, आधीच सुटलेले असतात. एक गोष्ट करून पाहा. हातात आलेले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलेला केस. गाठ नाही आणि तुकडे आखूड आहेत, तर तो मधेच तुटलेला. तुटण्याचा संबंध कंगवा, साबण, रंग, इस्त्रीशी आहे, आणि तिथे कंडिशनर मदतच करतं. मुळासकट जाणाऱ्याचा संबंध शरीराशी. डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, एखादं मोठं दुखणं यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरभरून जातात. लोह कमी असणं, थायरॉइड ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची कारणं. तुमच्या वयात पाळी अनियमित होऊन रक्तस्राव वाढलेला असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, थायरॉइडही. भांग रुंद होत चाललाय असं आरशात वाटत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला गणपतीची वाट पाहू नका. कुठलीही बाटली ते काम करणार नाही.

आता तुमचं "सगळ्यांत चांगलं कुठलं?" ताई, तुमच्या घरात तीन डोकी आहेत आणि तिघींचं मागणं वेगळं आहे. एका बाटलीने तिघींना खूश करायला निघालात तिथेच गाडी अडली.

तुमचे केस पातळ, सरळ, मुळाशी तेलकट. तुम्हाला हलकं, पातळ कंडिशनर, पाच रुपयांच्या नाण्याएवढं, फक्त कानाच्या खाली. तरीही केस चापून बसले तर क्रम उलटा करून पाहा: आधी ओल्या केसांच्या टोकांना कंडिशनर, दोन मिनिटांनी शाम्पू. पातळ केसांना हे बऱ्याचदा मानवतं. तुम्ही मेंदी लावता असंही लिहिलंय. मेंदी लावल्यावर केस कोरडे लागतात, त्या आठवड्यात थोडं जास्त घ्या.

सासूबाईंना त्यांचं खोबरेल पुरे आहे. पिकलेले केस पुष्कळदा राठ, कोरडे होतात. त्यांच्या केसांचा गुंता होत असेल तर धुतल्यावर टोकांना चिमूटभर कंडिशनर तुम्हीच लावून द्या, त्यांची हरकत नसेल तर.

आणि तुमची मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही "तिचे केस बिघडलेत" असं तीन ठिकाणी लिहिलंय. मला तसं वाटत नाही. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे ओले असताना केसांची वळणं पडतात, वाळून कंगवा फिरवला की छत्रीसारखे फुलतात, यावरून तिचे केस कुरळे आहेत. ते बिघडलेले सरळ केस नाहीत. सतरा वर्षं ते सरळ असल्यासारखे विंचरले गेले आहेत, रोज सकाळी, कोरडे, बारीक दातांच्या कंगव्याने, वर घट्ट वेणी. यात तुमचा दोष नाही. आपल्या आयांनीही आपल्याला असंच विंचरलं, "पिंजारून फिरू नको" म्हणत. पण कुरळ्या केसाची जात वेगळी असते. तो मुळातूनच चपट्या, वळलेल्या छिद्रातून बाहेर येतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी. प्रत्येक वळणावर कौलं थोडी उघडी, म्हणून हवेतली वाफ आत शिरते. आणि आपल्या जुलैतल्या हवेला वाफेची काय कमी? पापड मऊ पडतात, मीठ पाझरतं, तसा केस ओल ओढतो, फुगतो आणि प्रत्येक केस आपल्या दिशेने वळतो. तेच पिंजारणं.

गणपतीला अजून सात-आठ आठवडे आहेत. तेवढ्यात एवढं करून पाहा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुवायचे, सकाळीच, म्हणजे वाळायला दिवस मिळतो. शाम्पू फक्त टाळूला. मग केसांतलं पाणी हाताने निथळून घ्यायचं, नाहीतर कंडिशनर पाण्याबरोबरच वाहून जातं. दाट, मलईसारखं कंडिशनर, तिच्या लांबीला तीन-चार चमचे सहज लागेल, काटकसर करू नका. कानापासून टोकापर्यंत. ते लावलेलं असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, टोकाकडून सुरुवात करून वर वर यायचं. हा एवढाच विंचरण्याचा वेळ. तीन-चार मिनिटांनी धुवायचं, पण केस कुरकुर वाजेपर्यंत नाही. किंचित बुळबुळीतपणा राहू द्या. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपायचं, पंचाने रगडायचं नाही. आणि मग हात लावायचा नाही. पंख्याखाली तसेच सुटे वाळू द्यायचे, पुढच्या आंघोळीपर्यंत कंगवा नाही, फार तर बोटं. पहिल्याच वेळी वळणं नीट दिसली नाहीत तर हरकत नाही. तीन-चार आंघोळी जाऊ द्या. कॉलेजच्या घाईत ओले केस घट्ट बांधून एसटीत बसणं मात्र बंद. ओलसर राहिलेल्या वेणीला कुबट वास येतो, टाळू खाजते, आणि भिजलेला केस ताणला की सहज तुटतो.

तिच्यासाठी घेताना वेष्टनाच्या मागची यादी वाचा. घटक साधारण जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, म्हणजे पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची. बेहेंट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड हे ते धनभारित घटक. सेटिल, सिटेअरिल, स्टिअरिल अल्कोहोल दिसलं म्हणून बिचकू नका, ही मेणासारखी स्निग्ध अल्कोहोलं आहेत, केस कोरडे करत नाहीत. ग्लिसरिन यादीत फार वर असेल तर ती बाटली थंडीसाठी ठेवा. ते हवेतली ओल ओढून घेतं, जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर ते नको. डायमेथिकोन हे सिलिकॉन. जाड, कुरळ्या केसांवर ते ओल अडवतं, म्हणून पावसाळ्यात उपयोगाचं. पण साध्या पाण्याने ते निघत नाही, थर साठतो. महिन्यातून एकदा चांगला फेस येणाऱ्या शाम्पूने केस स्वच्छ धुतले की झालं. तुमच्या पातळ केसांसाठी मात्र ते यादीत शेवटाकडे असलेलं बरं. आणि मोठी बाटली घेण्याआधी पुडी घ्या. दोन पुड्यांत, दोन आंघोळींत, पटलं की नाही ते कळतं. किमतीवरून काहीच कळत नाही.

पाण्याचं लक्षात असू द्या, कारण मार्च-एप्रिलात ते पुन्हा मचूळ होणार. तेव्हा शेवटचा तांब्या पिण्याच्या गोड पाण्याचा घ्या. लिंबू पिळून केसांवर ओतायचं कोणी सुचवलं तर जपून. लिंबाचा रस फार आंबट असतो. बादलीभर पाण्यात अर्धं लिंबू ठीक, नुसता रस नको.

राहिलं स्मूदनिंग. कायमचं सरळ करायच्या पद्धतीत केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडून सरळ स्थितीत पुन्हा जोडतात. केस सरळ होतात, पण कमकुवतही होतात, आणि मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो. आज केलं तर होळीपर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर कुरळे आणि खाली सरळ, अशी दोन तऱ्हांची रेघ पडेल. मग पुन्हा चार हजार. "केराटिन" नावाने होणाऱ्या काही उपचारांत गरम इस्त्रीने फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २००४ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ते नसलेल्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं, आणि ते लावल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. त्यातून उपचारानंतर दोन-तीन दिवस केस भिजवायचे नाहीत, बांधायचे नाहीत असं सांगतात. आपल्या पावसात, कॉलेजच्या वाटेवर, ते पाळणार कसं?

तरी तिला नुसतं "नाही" म्हणू नका. तिला केस सरळ का हवेत हे एकदा, केस विंचरत नसताना, शांतपणे विचारा. चुलत बहिणींचे केस सरळ आहेत, आणि घरात तिच्या केसांना लहानपणापासून "झिपऱ्या" म्हटलं गेलंय, असं तुम्हीच लिहिलंय. सतराव्या वर्षी हे कमी नसतं. तिला सांगा, चतुर्थीच्या आधीच्या रविवारापर्यंत ही पद्धत मनापासून करू. तोवर घरात कोणी तो शब्द वापरायचा नाही, सासूबाईंनीही नाही. जास्वंदीची पानं काढून द्यायचं काम त्यांच्याकडे द्या, ते त्यांना आवडेल. एवढं करून तिला सरळच हवे असले तर अठरा पूर्ण झाल्यावर ती ठरवेल, आणि तेव्हा सलूनमध्ये बसण्याआधी वापरणार असलेल्या क्रीमचं वेष्टन मागून घटक वाचायचे हे तिला आतापासून माहीत असू द्या.